सिंहगड (१९२३ चित्रपट)

हा लेख १९२३ मधील मूकपटाविषयी आहे. पुणे जिल्ह्यातील किल्ल्यासाठी आणि १९३३ मधील बोलपटासाठी स्वतंत्र लेख पाहावेत.

सिंहगड हा १९२३ मध्ये प्रदर्शित झालेला भारतीय मूकपट आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्याची निर्मिती केली आणि बाबूराव पेंटर यांनी तो दिग्दर्शित केला. खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले कादंबरीकार हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या ऐतिहासिक कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजी मालुसरे यांनी १६७० मध्ये कोंढाणा किल्ला जिंकताना दिलेले बलिदान हा त्याचा मुख्य विषय होय. रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. हा चित्रपट आज हरवलेला मानला जातो.

दिग्दर्शक : बाबूराव पेंटर
निर्मिती : महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर
मूळ कथा : हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी
प्रमुख कलाकार : बाबूराव पेंटर, बाळासाहेब यादव, कमलादेवी, झुंझारराव पवार, व्ही. शांताराम, बाबूराव पेंढारकर
प्रदर्शन : १९२३
स्वरूप : मूकपट, कृष्णधवल

## मूळ कादंबरी आणि तिचे लेखक

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी पारोळे येथे झाला. धुळे–जळगाव मार्गावरील हे गाव आज जळगाव जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. आपट्यांच्या जन्मकाळी खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी त्याची विभागणी १९०६ मध्ये झाली. आपट्यांचे शिक्षण मात्र मुंबई व पुणे येथे झाले आणि पुढील सारे आयुष्य पुण्यात गेले. तेथे त्यांनी आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पाहिली आणि १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यामुळे आपल्या कादंबरीवरील चित्रपट त्यांना पाहता आला नाही.

आपट्यांच्या कादंबरीलेखनाची सुरुवात व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी रहस्यकथेच्या छायेत झाली. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) ही जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' या कादंबरीच्या आधारे लिहिलेली असून ती 'पुणे वैभव' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. रेनॉल्ड्स यांच्या कादंबऱ्यांत महानगरातील गुन्हे, गुप्त कारस्थाने, पळवून नेलेल्या स्त्रिया आणि प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवणारी उत्कंठा यांची रेलचेल असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भाषांमध्ये त्यांची भाषांतरे व रूपांतरे मोठ्या प्रमाणावर झाली. आपट्यांनी लंडनच्या कथेतील सांगाडा घेतला, पण आशय पुण्यातील मध्यमवर्गीय समाजाचा ठेवला.

त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' हीदेखील फिलिप मेडोज टेलर यांच्या 'टिपू सुलतान' (१८४०) या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली होती. याच टेलर यांनी पुढे 'तारा' (१८६३) या कादंबरीत शिवाजी महाराजांच्या काळातील दख्खनचे चित्र रंगविले. यानंतर आपट्यांनी परकीय आधार सोडून मराठ्यांच्या इतिहासाकडे मोर्चा वळविला. 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' या त्यांच्या शिवकालावरील कादंबऱ्या विशेष लोकप्रिय झाल्या. कथानक इतिहासाचे असले, तरी क्रमशः प्रकाशनातून अंगवळणी पडलेली उत्कंठेची रचना त्यांतही टिकून राहिली.

आपट्यांच्या हयातीतच मराठी कादंबरीची चिकित्सा सुरू झाली होती. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' हा निबंध लिहिला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला होता. म्हणजे 'गड आला पण सिंह गेला' लिहिली गेली, तेव्हा मूळ कागदपत्रांवर आधारलेला इतिहास मराठी वाचकांसमोर नुकताच येऊ लागला होता. राजवाड्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात गेली. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये तेथे स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या दप्तराचे जतन करते.

## कथानक

कादंबरीचा आरंभ कोंढाण्यावर न होता राजपुतान्यात होतो. कमलकुमारी ही तरुण राजपूत विधवा सती जाण्यास निघाली असता उदयभानू तिचा मार्ग अडवितो. तिच्याविषयी त्याच्या मनात अभिलाषा असते. मोगलांच्या वतीने कोंढाण्याचा किल्लेदार म्हणून त्याची नेमणूक होते, तेव्हा तो तिला बंदिवान करून दक्षिणेत आपल्याबरोबर आणतो. यामुळे कोंढाणा हा एकाच वेळी शत्रूच्या ताब्यातील गड आणि एका असहाय स्त्रीचा तुरुंग ठरतो.

दुसऱ्या बाजूला, तानाजी मालुसरे आपला मुलगा रायबा याच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन शिवाजी महाराजांकडे येतात. कोंढाणा घेण्याची मोहीम ठरली असल्याचे कळताच ते लग्न बाजूला ठेवून ती कामगिरी स्वतःकडे घेतात. भाऊ सूर्याजी आणि वृद्ध शेलारमामा त्यांच्यासोबत असतात. मध्यरात्री कड्यावरून मावळे गडावर चढतात. तानाजी आणि उदयभानू यांच्या द्वंद्वात दोघेही पडतात, नेता गेल्याने मागे हटणाऱ्या मावळ्यांना सूर्याजी आवरतो आणि गड हाती येतो.

कथेचे हे दोन धागे रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तानाजीचा धागा वाचकाला आधीच ठाऊक असतो. त्याचा शेवट कोणापासूनही लपलेला नाही. उत्कंठा टिकते ती कमलकुमारीच्या धाग्यामुळे. दुष्ट प्रवृत्तीचा सामर्थ्यवान पुरुष, त्याच्या कैदेतील स्त्री आणि वेळेत होणारी किंवा न होणारी सुटका ही मांडणी रेनॉल्ड्स किंवा विल्की कॉलिन्स यांच्या वाचकाला परिचित होती. आरंभीच्या चित्रपटसृष्टीलाही जगभर हीच मांडणी सोयीची वाटली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील पाडावातून लुटलेल्या हिऱ्याभोवती गुंफलेली कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' (१८६८) ही रहस्य कादंबरी १९१५ मध्ये अमेरिकेत मूकपटाच्या रूपात आली होती.

## इतिहास आणि कल्पित

कादंबरी व चित्रपट यांतील घटनांपैकी काही ऐतिहासिक आहेत, काही परंपरेने आलेल्या आहेत, तर काही लेखकाने कल्पिलेल्या आहेत.

ऐतिहासिक भाग असा : जून १६६५ मधील पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, कोंढाणा हा त्यांपैकी एक होता. ४ फेब्रुवारी १६७० रोजी, म्हणजे माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला. उदयभान राठोड हा राजपूत किल्लेदार आणि तानाजी हे दोघेही या लढाईत मारले गेले. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत या घटनेचे वर्णन आहे. एक गड मिळाला पण त्याच्या बदल्यात दुसरा गमावला, अशा आशयाचे शिवाजी महाराजांचे दुःखोद्गार तीत आले आहेत.

परंपरेने आलेला भाग मुख्यतः पोवाड्यांतून आला आहे. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा, रायबाचे लग्न आणि ८० वर्षांचे शेलारमामा यांचे तपशील तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यात आढळतात. सभासद बखरीत घोरपडीचा उल्लेख नाही. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला 'सिंहगड' हे नाव पडले ही समजूतही दृढ आहे. परंतु १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या एका पत्रात सिंहगड हे नाव आले असल्याने ते आधीपासून प्रचारात होते असे दिसते.

कमलकुमारीचे कथानक मात्र बखरीतही नाही आणि पोवाड्यातही नाही. ते आपट्यांच्या कल्पनेतून आले. उदयभान हा मोगल बादशहाचा नेमलेला किल्लेदार होता. त्याच्यावर स्त्रीहरणाचा आरोप ठेवून त्याला खलनायक बनविण्याचे काम कादंबरीने केले. कथेची नैतिक बाजू स्पष्ट व्हावी यासाठी ही योजना उपयोगी पडली. पण पुढे नाटके, चित्रपट आणि लोकमानस यांनी ती इतिहासाचा भाग असल्यासारखी स्वीकारली.

## निर्मिती

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे चित्रकार व शिल्पकार. नाटकांचे पडदे रंगविण्यात त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव पेंटर यांनी मोठे नाव मिळविले होते. आनंदराव १९१६ मध्ये वारले. त्यानंतर बाबूरावांनी सहकाऱ्यांसह स्वतः कॅमेरा तयार केला आणि तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके परिणामकारक होते की ते पुढे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

'सैरंध्री' व 'सुरेखाहरण' हे कंपनीचे आधीचे चित्रपट पौराणिक होते. 'सिंहगड'मुळे कंपनी इतिहासाकडे वळली. पौराणिक कथेत प्रेक्षकाने देवादिकांच्या रूपाविषयी कलाकाराला मोकळीक दिलेली असते. शिवकालीन मावळा, त्याची पगडी, हत्यारे आणि गडाचा दरवाजा यांबाबत तशी मोकळीक नव्हती. गड प्रत्यक्ष उभे होते आणि हत्यारे घराघरांत होती. चित्रीकरणापूर्वी दृश्यांची व वेषभूषेची रेखाटने करण्याची बाबूरावांची पद्धत आणि रंगविलेल्या पडद्यांऐवजी घनाकार नेपथ्य उभारण्याचा त्यांचा आग्रह येथे उपयोगी पडला.

### रात्रीचे चित्रण

या काळात भारतातील चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या उघड्या जागेत, परावर्तकांच्या साहाय्याने प्रकाश वळवून दृश्ये टिपली जात. रात्रीचा प्रसंग असल्यास तो दिवसाच चित्रित करून फिल्मला निळा रंग देण्याची पद्धत जगभर रूढ होती.

'सिंहगड'ची कथा मात्र अंधारावरच उभी आहे. कड्यावर चढणे, पहारा चुकविणे, अचानक उडालेली चकमक आणि मशालींच्या उजेडातील द्वंद्व हे सर्व मध्यरात्री घडते. या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. तत्कालीन फिल्मची प्रकाशग्रहणक्षमता कमी असल्याने हे काम अवघड होते. प्रकाश आणि छाया यांतून आकार घडविण्याची चित्रकाराची दृष्टी बाबूरावांकडे होती. 'सिंहगड'मध्ये तिला प्रथमच सूर्याऐवजी दिव्यावर ताबा मिळाला. भारतीय चित्रपटाच्या तंत्रेतिहासात या चित्रपटाची नोंद प्रामुख्याने याच कारणासाठी होते.

### कलाकार

शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूराव पेंटर यांनी केली. शेलारमामांच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. त्या वेळी शांताराम अवघे २१–२२ वर्षांचे होते, तर शेलारमामा हे परंपरेनुसार ऐंशी वर्षांचे. त्यामुळे ही भूमिका रंगभूषेवर आणि देहबोलीवर अवलंबून होती. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार, कमलादेवी, नलिनी, जी. आर. माने, बाबूराव पेंढारकर आणि केशवराव धायबर यांनीही चित्रपटात काम केले.

कमलादेवी म्हणजे गुलाबबाई. 'सैरंध्री'मध्ये त्यांच्यासह स्त्री कलाकारांनी काम करणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, कारण रंगभूमीवर व पडद्यावर स्त्रीभूमिका बहुधा पुरुष करीत. पडद्यावर येणाऱ्या स्त्रियांना समाजाच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागे.

## मूकपटाची भाषा

कादंबरीचा मोठा भाग संवादांनी आणि लेखकाच्या थेट निवेदनाने व्यापलेला आहे. मूकपटात या दोन्हींची जागा अक्षरपट्ट्या घेत. एका पट्टीवर मोजकीच वाक्ये मावत आणि प्रेक्षकांतील अनेकांना वाचता येत नसे. म्हणून बहुतेक चित्रपटगृहांत पट्ट्या मोठ्याने वाचून दाखविणारा आणि प्रसंगांचा अर्थ सांगणारा निवेदक असे. सोबत पेटी व तबल्याची साथ असे.

याचा परिणाम असा झाला की, छापील पुस्तकाचा वाचक नसलेल्या मोठ्या वर्गापर्यंत आपट्यांची कथा प्रथमच पोहोचली. पोवाडा ऐकून ज्यांना तानाजी माहीत होता, त्यांच्यासमोर आता कादंबरीतील उदयभानू उभा राहिला.

## प्रदर्शन, प्रतिसाद आणि करमणूक कर

चित्रपटाला मोठा लोकाश्रय मिळाला. त्यामागे तत्कालीन राजकीय वातावरणही होते. टिळकांनी १८९० च्या दशकात सुरू केलेल्या शिवजयंती उत्सवामुळे शिवाजी महाराज हे स्वराज्याचे प्रतीक बनले होते. असहकार चळवळ १९२२ मध्ये थांबविण्यात आली होती आणि महात्मा गांधी तुरुंगात होते. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर मुंबईसह प्रमुख शहरांत परीक्षण मंडळे नेमली गेली होती आणि राजकीय सूचकतेवरून चित्रपटांवर बंदी येत असे. कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर' (१९२१) या पौराणिक चित्रपटावर मद्रास व कराची येथे बंदी घालण्यात आली होती. अशा वेळी परक्या सत्तेकडून गड परत घेण्याची कथा पडद्यावर दाखविता येणे ही प्रेक्षकांच्या दृष्टीने साधी बाब नव्हती.

'सिंहगड'ला होणारी गर्दी पाहून मुंबई सरकारच्या महसूल खात्याचे लक्ष चित्रपटांकडे गेले आणि त्यातून करमणूक कर लागू झाला, असे अनेक ठिकाणी नमूद केलेले आढळते. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे, त्यामुळे हा संबंध जोडला गेला असावा. तथापि, बंगालमध्ये असा कर १९२२ मध्येच आला होता. पहिल्या महायुद्धानंतर प्रांतिक सरकारांना उत्पन्नाची नवी साधने हवी होती आणि वाढता चित्रपट व्यवसाय हे त्यांपैकी एक होते. म्हणून एका चित्रपटामुळे कर आला असे म्हणण्यापेक्षा, सरकारला ज्या व्यवसायाची मिळकत दिसू लागली त्याचे 'सिंहगड' हे ठळक उदाहरण होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

## प्रभाव

महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. 'प्रभात'च्या 'उदयकाल' या मूकपटात शांताराम यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. त्याचे मूळ नाव 'स्वराज्य तोरण' असे होते; परीक्षण मंडळाच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. १९३३ मध्ये शांताराम यांनी आपट्यांच्या त्याच कादंबरीवर 'सिंहगड' हा मराठी बोलपट दिग्दर्शित केला. मूकपटात शेलारमामा झालेला नट अशा रीतीने १० वर्षांनी त्याच कथेचा दिग्दर्शक झाला. पेंढारकर आणि धायबर हेही दोन्ही चित्रपटांत होते.

बाबूराव पेंटर यांचा पुढील काळातील सर्वांत गाजलेला चित्रपट 'सावकारी पाश' (१९२५) हा नारायण हरि आपटे यांच्या कथेवर आधारलेला होता. नावातील साम्यामुळे या दोन लेखकांची गल्लत होते. नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) हे वेगळे कादंबरीकार असून 'कुंकू' (१९३७) हा चित्रपट त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतला आहे.

तानाजीची कथा त्यानंतरही वारंवार पडद्यावर आली. २०२० मधील 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात उदयभानच्या कैदेतील राजपूत स्त्रीचे पात्र आढळते. अशा पात्राला बखरीत वा पोवाड्यात आधार नसून आपट्यांच्या १९०३ मधील कादंबरीत ते प्रथम ठळकपणे उभे राहिले. ते एका शतकानंतरही टिकून राहिले आहे.

## सद्यस्थिती

मूकपटाच्या काळात भारतात सुमारे १,३०० चित्रपट तयार झाले. त्यांतील अगदी थोडे, तेही बरेचसे तुकड्यांच्या स्वरूपात, आज शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेणारी व काळाच्या ओघात विघटित होणारी होती. बोलपट आल्यावर मूकपटांच्या प्रतींना बाजार उरला नाही आणि चांदी काढण्यासाठी अनेक प्रती वितळविण्यात आल्या. चित्रपटांच्या जतनासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत मूकयुगातील बहुतेक चित्रपट नष्ट झाले होते.

'सिंहगड'ची प्रतही उपलब्ध नसल्याने त्याच्या चित्रणाविषयीची माहिती समकालीनांच्या आठवणी आणि चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांतून मिळते. कृत्रिम दिव्यांनी उजळलेली कोंढाण्याची रात्र आज पाहता येत नाही. तिच्यामागची कथा मात्र आपट्यांच्या कादंबरीच्या रूपाने वाचकांना उपलब्ध आहे.